अमीरपेठ ते अनाजपूर : हैदराबादचे स्टुडिओ आणि आपली मराठी

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत मी एक छोटं टिपण वाचलं होतं. त्यात एक वाक्य होतं, "हैदराबादचा पहिला स्टुडिओ म्हणजे अमीरपेठचा सारथी स्टुडिओ, १९५६." वाचून संपलं, चहा आला आणि कोपऱ्यात बसलेले आपले एक ऐंशी वर्षांचे सभासद मला म्हणाले, "इंजिनिअर साहेब, तुम्ही पाया न खोदताच पहिला मजला बांधलात."

ते बरोबर होते. मी मूळचा स्थापत्य अभियंता. इतिहास कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही, चुका करत करत शिकलो. तेव्हा ही चूक दुरुस्त करणं हा या निबंधाचा पहिला हेतू. दुरुस्त करता करता मात्र वेगळंच काही हाती लागलं. हैदराबादच्या स्टुडिओंचा इतिहास आपण तेलुगू माणसांचा इतिहास म्हणून बाजूला ठेवतो. पण त्यात आपलाही, म्हणजे या शहरातल्या आणि मराठवाड्यातल्या मराठी माणसांचाही, एक धागा आहे, आणि तो आपल्याच हातातून सुटत चालला आहे. या निबंधाचं खरं कारण ते.

पाया : लोटस फिल्म कंपनी, १९२२

पहिला स्टुडिओ सारथी नव्हे. त्याच्या चौतीस वर्षं आधी, १९२२ साली, धीरेंद्रनाथ गांगुली नावाच्या बंगाली गृहस्थांनी हैदराबादेत 'लोटस फिल्म कंपनी' काढली. गांगुली मूळचे चित्रकार, शांतिनिकेतनात शिकलेले. हैदराबादेत ते कलाशाळेचे मुख्याध्यापक होते. 'बिलेत फेरत' या १९२१ च्या बंगाली मूकपटाने त्यांचं नाव झालं आणि मग सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी इथे चित्रपट काढायला सुरुवात केली. 'लेडी टीचर', 'मॅरेज टॉनिक' अशी त्यांच्या मूकपटांची नावं. नावांवरूनच लक्षात येतं की माणूस मिश्किल होता. लोटसकडे स्वतःची चित्रपटगृहंही होती, म्हणजे बनवणं आणि दाखवणं दोन्ही एकाच हातात.

दोनच वर्षांत सगळं संपलं. १९२४ साली गांगुलींनी आपल्या चित्रपटगृहात मुंबईत बनलेला एक मूकपट लावला. विषय होता दिल्लीच्या गादीवर बसलेली रझिया आणि तिचं प्रेम. निजामांची खप्पामर्जी झाली आणि गांगुलींना संस्थान सोडून जाण्याचा हुकूम झाला. ते कलकत्त्याला गेले, तिथे पुन्हा उभे राहिले आणि पुढे १९७५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हैदराबादने हाकललेला माणूस देशाने गौरवला. त्या पुरस्काराच्या वेळी हैदराबादची आठवण किती जणांना झाली असेल, हा प्रश्न मला छळतो.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. एका माणसाच्या मर्जीवर उभा असलेला स्टुडिओ त्याच माणसाच्या नाराजीने पडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच खांबावरची इमारत.

मधली पोकळी

१९२४ ते १९५६. बोलपट आला, देशभर स्टुडिओ उभे राहिले. कोल्हापूर, पुणे, मुंबई, कलकत्ता, मद्रास. देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थानाच्या राजधानीत मात्र त्या तोडीचं काही उभं राहिलं नाही. पैसा नव्हता असं नाही. जागा नव्हती असं तर मुळीच नाही. मग का?

माझं उत्तर असं की बोलपटाला भाषा लागते, आणि आपल्या संस्थानात चार भाषा होत्या. तेलंगणात तेलुगू, मराठवाड्यात मराठी, गुलबर्गा-रायचूरकडे कन्नड, आणि दरबारात-कचेरीत उर्दू. ज्याला उर्दू-हिंदीत काम करायचं तो मुंबईला गेला. पैदी जयराज हे त्याचं ठळक उदाहरण. करीमनगरचा जन्म, निजाम कॉलेजात शिक्षण, आणि १९२९ च्या सुमारास मुंबई. तेलुगू बोलपटाचा मोठा प्रेक्षक किनारपट्टीच्या आंध्रात होता, तो मुलूख मद्रास इलाख्यात, म्हणून तेलुगू धंदा मद्रासला. आणि मराठी माणसाचा डोळा कोल्हापूर-पुण्याकडे. चारही भाषांचे कलावंत घरात, आणि चारही घराबाहेर.

गंमत पाहा. तेलुगूतला पहिला बोलपट 'भक्त प्रह्लाद' कुठे बनला? मुंबईत, अर्देशिर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत, एच. एम. रेड्डींच्या दिग्दर्शनाखाली, आणि लोकांसमोर आला १९३२ च्या फेब्रुवारीत. त्याच फेब्रुवारीत मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', मुंबईत झळकला. म्हणजे दोन्ही भाषा पडद्यावर बोलायला लागल्या त्या एकाच शहरात, एकाच महिन्यात. पुढे सत्तर वर्षांनी या उपकाराची फेड झाली, ती कशी ते खाली येईल.

'भक्त प्रह्लाद'मध्ये एक तरुण नट होता, अक्किनेनी लक्ष्मीवरप्रसाद. याच तरुणाने 'आलम आरा'तही लहानसं काम केलं होतं. आंध्रातल्या खेड्यातून घर सोडून मुंबईला पळालेला, स्टुडिओत पडेल ते काम करणारा पोरगा. तोच पुढचा एल. व्ही. प्रसाद. हैदराबादकरांना हे नाव कशाने माहीत आहे? डोळ्यांच्या दवाखान्याने! बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसाठी त्यांनी पाच एकर जागा आणि एक कोटी रुपये दिले, आणि १९८७ साली ती सुरू झाली. माझ्या आईचा मोतीबिंदू तिथेच निघाला. इंपीरियलच्या आवारात धडपडलेल्या पोराचा हात असा आमच्या घरापर्यंत पोचला.

१ नोव्हेंबर १९५६

ही तारीख आपल्या प्रत्येक घरात वेगवेगळ्या आवाजात सांगितली जाते. भाषावार प्रांतरचना झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. आमचे आजोबा बांधकाम खात्यात होते. त्यांच्या धाकट्या भावाने औरंगाबाद घेतलं, आजोबा इथेच राहिले. का राहिले असं विचारलं की म्हणायचे, "काचीगुड्याचं घर सोडून कोण जातो?" पण त्यानंतर कित्येक वर्षं मनमाडची गाडी सुटायच्या वेळेला ते उगाचच स्टेशनाकडे फिरायला जायचे, हे आजीनेच मला सांगितलं.

त्याच १९५६ साली अमीरपेठला सारथी स्टुडिओ आला. आम्ही पांगलो आणि स्टुडिओ आला, या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या, हे मला फार उशिरा कळलं. शहराला एक भाषा मिळाली, राज्य मिळालं, आणि त्या भाषेचा चित्रपट आता आपल्याच राजधानीत बनावा अशी इच्छाही आली. चार भाषांच्या शहरात जे तीस वर्षं जमलं नाही ते एका भाषेच्या राजधानीत जमायला लागलं. त्यातलं नुकसान आपलं, फायदाही याच शहराचा. दोन्ही रकाने भरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

सारथीमागे चल्लपल्लीचे जमीनदार यार्लगड्डा शिवरामप्रसाद होते. यांची सारथी फिल्म्स ही संस्था जुनी, मद्रासच्या काळातली. गूडवल्ली रामब्रह्मम यांनी याच संस्थेसाठी 'माल पिल्ल' (१९३८) आणि 'रैतु बिड्ड' (१९३९) केले. पहिला अस्पृश्यतेविरुद्ध, दुसरा जमीनदारीविरुद्ध. जमीनदाराच्या पैशाने जमीनदारीविरुद्ध चित्रपट! इतर जमीनदार चिडले यात नवल नाही.

स्टुडिओ उभा राहिला म्हणजे धंदा आला असं होत नाही. सारथीत 'मा इंटि महालक्ष्मी' झाला तो १९५९ साली, आणि पूर्णपणे हैदराबादेत चित्रित झालेला पहिला तेलुगू चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. तोवर तीन वर्षं गेली. कारण उघड आहे. नट मद्रासला, तंत्रज्ञ मद्रासला, वाद्यवृंद मद्रासला, फिल्म धुणाऱ्या रसायनशाळा मद्रासला. 'मायाबाजार' (१९५७) सारखा तेलुगूचा मानाचा चित्रपट मद्रासच्या विजया-वाहिनीतच बनला. कारखान्याची शेड बांधणं सोपं असतं हो, पण कारागीर, सुटे भाग आणि दुरुस्तीवाला जवळ नसेल तर शेड रिकामी राहते. माझी पहिली नोकरी अशाच एका रिकाम्या शेडजवळ गेली, म्हणून हे मला पुस्तकाबाहेरून ठाऊक आहे.

खडकावरचे स्टुडिओ

मद्रासहून हैदराबादला येणं एका दिवसात झालं नाही. पंचवीस-तीस वर्षं ते चाललं. सरकारने सवलती दिल्या, अनुदानं दिली, जागा दिल्या. पण माणसं हलली ती माणसांमुळे. अक्किनेनी नागेश्वरराव साठीच्या दशकात मद्रास सोडून हैदराबादला राहायला आले आणि आपले चित्रपट इथेच व्हावेत असा आग्रह धरला. एवढा मोठा नट हटून बसला की निर्मात्याला यावंच लागतं. १९७६ साली त्यांनी पत्नीच्या नावाने अन्नपूर्णा स्टुडिओ सुरू केला, बंजारा हिल्सच्या बाजूला, बावीस एकरांत. तिथे तेव्हा नुसता खडक होता. आमच्या वडिलांच्या तोंडचं वाक्य आहे, "तिकडे फक्त बकऱ्या आणि सर्व्हेवाले जायचे."

त्याच सुमारास एन. टी. रामारावांनी रामकृष्ण स्टुडिओ काढला. तिथला 'दानवीर शूर कर्ण' १९७७ च्या संक्रांतीला लागला. त्यात कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण तिन्ही भूमिका रामारावांच्या, शिवाय दिग्दर्शनही त्यांचंच. चित्रपट पावणेचार तासांच्या आसपास, तरी लोकांनी डोक्यावर घेतला. माझ्या माहितीतले काही मराठी ब्राह्मण आजोबा, तेलुगू जेमतेम येणारे, तो तीन-तीनदा पाहून आले होते. महाभारताला दुभाषा लागत नाही. पाचच वर्षांनी, १९८२ मध्ये, रामारावांनी पक्ष काढला आणि १९८३ ला ते मुख्यमंत्री झाले. स्टुडिओतला कृष्ण सचिवालयात जाऊन बसला.

पुढे कृष्णा यांचा पद्मालया, डी. रामानायडू यांचा रामानायडू स्टुडिओ, आणि ज्युबिली हिल्सला लागून फिल्मनगर. रामानायडूंची सुरेश प्रॉडक्शन्स ही संस्था १९६४ च्या 'रामुडु भीमुडु'पासूनची. एका व्यक्तीने सर्वाधिक चित्रपट निर्माण केल्याबद्दल गिनीज बुकात त्यांची नोंद झाली आणि २००९ सालचा फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला.

या टप्प्यातला माझा आवडता चित्रपट अन्नपूर्णाचा 'शिवा' (१९८९). आवडीला एक खाजगी कारण आहे. दिग्दर्शक रामगोपाल वर्मा आमच्याच जातकुळीतले, स्थापत्य अभियांत्रिकीचे पदवीधर, आणि दिग्दर्शक होण्याआधी याच अमीरपेठेत व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान चालवणारे. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. 'शिवा'त स्टेडिकॅम वापरला. अंगाला बांधलेल्या स्प्रिंगच्या हातावर कॅमेरा तोलायचा, म्हणजे पळणाऱ्या माणसाचा धक्का कॅमेऱ्याला लागत नाही. गल्लीतून पाठलाग होतो तेव्हा प्रेक्षकही पळतो. आम्ही पोरं थिएटरातून बाहेर पडलो ते त्या यंत्राची चित्रं वहीत काढत. त्या वेळी कळलं की रूळ टाकून कॅमेरा ढकलण्याचे दिवस, आणि त्याबरोबर स्टुडिओच्या चार भिंतीही, आता पूर्वीइतक्या जरूरीच्या राहिल्या नाहीत.

भिंतींबाहेरचं हैदराबाद त्याआधीच एकाने दाखवलं होतं, आणि तो आपल्या जवळचा माणूस होता. श्याम बेनेगल. सिकंदराबादजवळच्या त्रिमुलघेरीचा जन्म, घरी कोकणी, शिक्षण निजाम कॉलेजात. त्यांचे वडील छायाचित्रकार. 'अंकुर' (१९७४) त्यांनी हैदराबादजवळच्या खऱ्या गावात, खऱ्या घरांत चित्रित केला. 'निशांत' (१९७५) पोचमपल्लीला, आणि त्याचं लेखन विजय तेंडुलकरांचं. तेलंगणातल्या देशमुखी जुलमाची गोष्ट मराठी नाटककाराने लिहावी आणि ती तेलंगणाच्याच मातीत उभी राहावी, यात मला जुन्या संस्थानाची सावली दिसते.

अनाजपूरचा डोंगर

आता येतो रामोजी फिल्म सिटीकडे. विजयवाडा रस्त्यावर, हयातनगरच्या पुढे, अनाजपूरच्या माळावर १९९६ साली ती सुरू झाली. ईनाडू दैनिकाचे रामोजीराव यांची ती कल्पना, आणि आखणीत कलादिग्दर्शक नितीश रॉय यांचा मोठा वाटा. जगातलं सर्वांत मोठं स्टुडिओ-संकुल म्हणून गिनीज बुकाने तिची नोंद केली, १६६६ एकर. निर्मात्याने पटकथा घेऊन यावं आणि तयार चित्रपट घेऊन जावा, असं तिचं ब्रीद सांगतात.

मी तिथे पहिल्यांदा गेलो ते एका इमारतीचा पुढचा भाग पाहायला, प्रवासी म्हणून नव्हे. बाजूला फिरलो तर इमारत बदलली! एका बाजूने विमानतळ, दुसऱ्या बाजूने दवाखाना. आत एकच सांगाडा, तेच खांब, तेच तुळया. इंजिनिअर लोकांना हे पाहून हसू येतं आणि लाजही वाटते, कारण आपण आयुष्यभर एका इमारतीला एकच तोंड देत आलो. पुढे 'बाहुबली'चं (२०१५ आणि २०१७) माहिष्मती नगर साबू सिरिल यांनी इथेच उभारलं, आणि आज नांदेड-लातूर-सोलापूरच्या सहलीच्या बस त्याच माहिष्मतीसमोर फोटो काढायला थांबतात.

त्या बसमधल्या कितीजणांना माहीत असेल की याच आवारातून एकेकाळी त्यांच्या गावच्या बातम्या सांगितल्या जात होत्या?

९ जुलै २०००

या दिवशी ईटीव्ही मराठी सुरू झाली. झीची अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला आली होती, मुंबईहून. ईटीव्ही मराठी मात्र हैदराबादहून. तेलुगू वाहिनी १९९५ पासून होतीच, मग मराठी, बंगाली, कन्नड, उर्दू, गुजराती, ओडिया आणि हिंदी पट्ट्यातल्या राज्यांसाठी वेगवेगळ्या, अशा बारा वाहिन्या एकाच आवारातून चालू लागल्या. एका भोजनगृहात दहा-बारा प्रांतांची पोरं एकाच सांबाराला नावं ठेवत बसायची!

तांत्रिक बाजू साधी आहे. उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर. त्याला मुंबई काय नि हैदराबाद काय, अंतर सारखंच. मग बारा ठिकाणी बारा यंत्रणा कशाला? यंत्रं एका जागी, माणसं जिल्ह्या-जिल्ह्यात. ईनाडूने जिल्हा-आवृत्त्या काढून खेड्यातली बातमी छापायची जी रीत घातली, तीच इथे पडद्यावर आली. ज्या गावाचं नाव मुंबईच्या बातमीपत्रात पूर आल्याशिवाय येत नसे, त्याच्या बाजारभावाची, पाणीटंचाईची, यात्रेची बातमी येऊ लागली.

करमणुकीतही ही वाहिनी मागे नव्हती. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. आमच्या गल्लीत एक तेलुगू आजी ती मालिका बघून मराठी शिकल्या, आणि भांडणातही "सूनबाई" म्हणू लागल्या. याच घराण्याच्या उषाकिरण मूव्हीजने 'तुझे मेरी कसम' (२००३) काढला, आपल्याच 'नुव्वे कावाली' या तेलुगू चित्रपटावरून. त्यातून रितेश देशमुख पडद्यावर आले. मुलाचा पहिला चित्रपट लागला तेव्हा वडील विलासराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. घराणं लातूरकडचं, म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातलं. लातूरच्या मुलाला मुंबईच्या हिंदी पडद्यावर जायला वाट सापडली ती हैदराबादवरून.

त्या वर्षांत आमच्या दिलसुखनगरच्या घरात वरच्या खोलीत एक पोरगा भाड्याने राहायला आला. औशाकडचा. मराठी बातम्यांच्या कक्षात काम करायचा. ऑफिसची बस त्याला पहाटे घेऊन जायची. आईने पहिल्याच दिवशी त्याला जेवायला बसवलं. बोलता बोलता ती "मोंढा", "गिरदावर", "परेशान" असं बोलली आणि त्याने घास हातात धरून विचारलं, "काकू, तुम्ही आमच्यासारखं कसं काय बोलता?" आई म्हणाली, "बाबा, तूच आमच्यासारखं बोलतोस. आपण एकाच सरकारचे होतो." त्याला हे शाळेत कोणी नीट सांगितलं नव्हतं. सतरा सप्टेंबर त्याला माहीत होता, पण आपल्या गावच्या जुन्या फायली कुठल्या शहरातून निघायच्या ते माहीत नव्हतं.

औरंगाबादच्या चुलत आजीचा एकदा फोन आला. "अगं, आमच्या इथल्या नळाच्या बातम्या तुमच्या गावाहून सांगतात!" आजोबा त्या वेळी नव्वदीच्या घरात. फोन ठेवल्यावर त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे तार जोडली परत." १९५६ ला तुटलेली तार. मी इंजिनिअर, मला जोड कुठे आहे ते दिसतं. त्यांना ती तार होती हेच आठवत होतं.

आणि १९३२ च्या उपकाराची फेड म्हणालो ती हीच. तेलुगू पहिल्यांदा पडद्यावर बोलली ती मुंबईत, आणि मराठीचा खेड्यापाड्यातला आवाज घराघरांत पोचला तो तेलुगू मुलखातून.

तार पुन्हा तुटली

हे फार टिकलं नाही. २०१२ च्या सुरुवातीला ईटीव्हीच्या बिगर-तेलुगू वाहिन्या नेटवर्क१८ कडे देण्याचा व्यवहार जाहीर झाला, आणि २२ मार्च २०१५ ला ईटीव्ही मराठीचं नाव बदलून कलर्स मराठी झालं. मराठी वाहिनी मुंबईची झाली. यात कोणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. धंद्याचं गणित असतं, आणि एकाच आवारात बारा भाषा सांभाळण्याचं गणित एका काळापुरतंच जमणारं होतं. लोटस निजामाच्या मर्जीवर उभी होती, सारथी नव्या राज्याच्या भाषेवर, आणि ईटीव्ही मराठी एका उद्योजकाच्या हिमतीवर. आधार बदलला की इमारत हलते.

माझी तक्रार आपल्याकडे आहे, आपल्या सगळ्यांकडे. त्या पंधरा वर्षांत मराठवाडा-विदर्भातली कितीतरी मुलं-मुली या शहरात राहून गेली. आपल्या इसामिया बाजारच्या ग्रंथसंग्रहालयात येऊन बसली, गणपतीत आपल्या मंडपात जेवली. त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे मराठी बातम्यांच्या धंद्यात नाव काढलं. आपण मात्र त्यांची साधी यादीसुद्धा केली नाही. तेलुगू चित्रपटसृष्टीच्या इतिहासात त्यांना जागा नाही कारण ते तेलुगू नाहीत. मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात नाही कारण ते मुंबईत नव्हते. १९५६ च्या हैदराबादी मराठी माणसाचं जे झालं तेच त्यांचं होतं आहे. दोन घरांच्या मधल्या बोळात राहिलेल्याचा पत्ता कोणीच लिहून ठेवत नाही.

आईने त्या औशाच्या पोराच्या आवाजातली एक बातमी घरच्या व्हीसीआरवर टेप करून ठेवली होती. आई गेल्यानंतर कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. बुरशी लागलेली. एका ओळखीच्या माणसाने रिळं पुसून, वाळवून, जमेल तेवढं उतरवून दिलं. चार मिनिटं निघाली. एका तलावाची बातमी आहे, गाळ काढायचा राहिला म्हणून. चित्र थरथरतं, आवाज मात्र स्वच्छ आहे.

मी त्याला फोन केला. आता तो गावाकडे शेती करतो आणि एक साप्ताहिक चालवतो. म्हटलं, तुझ्या आठवणी मंडळासाठी लिहून दे. तो हसला. "सर, आमचा कसला इतिहास? आम्ही तर नोकरी करत होतो." मी म्हटलं, आमचे आजोबाही नोकरीच करत होते.

त्याने चार पानं पाठवली आहेत, ती मंडळाच्या दप्तरात ठेवली आहेत. वाचकांना विनंती एवढीच. तुमच्या घरी, नात्यात, भाडेकरूंत कोणी सारथी, अन्नपूर्णा, रामकृष्ण किंवा फिल्म सिटीत काम केलेलं असेल, मग ते सुतार असोत, रंगारी असोत, निवेदक असोत की डबेवाले, तर त्यांचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, फोटो, कॅसेट जे असेल ते टाकून देऊ नका. मंडळाच्या बैठकीला घेऊन या. आपण स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. कॅसेट असेल तर पावसाळ्याआधी आणा, बुरशी कोणासाठी थांबत नाही.

आणि माझ्या जुन्या टिपणातलं ते वाक्य असं वाचावं : हैदराबादचा पहिला स्टुडिओ लोटस, १९२२. पाया खोदून झाला आहे. पुढचे मजले एकट्याचे नाहीत.